खरे सांगणारा आवाज

मुलांनो, रेडिओवर क्रिकेटचे धावते वर्णन तुम्ही कधी ऐकले आहे का? मैदान आपल्याला दिसत नाही. समालोचक जे सांगतो, तेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. म्हणून त्याने खरे तेच सांगायला हवे. अशाच एका समालोचकाची ही गोष्ट आहे.

रेड बार्बर यांचा जन्म १९०८ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात झाला. तेथे बेसबॉल हा बॅट आणि चेंडूचा खेळ फार आवडीने पाहिला जातो. १९३४ साली ते सिनसिनाटीच्या संघाचे सामने रेडिओवर सांगू लागले. १९३९ साली ते न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या संघाकडे आले. त्याच वर्षी मोठ्या संघांचा सामना पहिल्यांदाच टेलिव्हिजनवर दाखवला गेला. त्याचे वर्णनही त्यांनीच केले.

बार्बर आपल्याजवळ वाळूचे छोटे घड्याळ ठेवत. तीन मिनिटांत वाळू खाली आली, की ते धावसंख्या सांगत. उशिरा रेडिओ लावणाऱ्यालाही ती कळावी, हा त्यांचा हेतू!

त्या काळी मोठ्या संघांत काळ्या खेळाडूंना घेत नसत. ब्रुकलिनच्या संघाने जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला घ्यायचे ठरवले. बार्बर यांना हे आधीच कळले. ते जेथे वाढले, तेथे काळ्या लोकांना वेगळे ठेवत. नोकरी सोडावी, असे त्यांच्या मनात आले. घरी जाऊन त्यांनी पत्नीला तसे सांगितले. मग ते विचार करू लागले. कोणत्या घरी जन्मावे, हे मी तरी कोठे ठरवले होते? माझे काम खेळ सांगण्याचे आहे. १९४७ साली रॉबिन्सन मैदानात उतरला. इतर खेळाडूंचे करावे, तसेच त्याच्याही खेळाचे वर्णन बार्बर यांनी केले.

पुढे ते न्यूयॉर्कच्याच यांकी संघाकडे गेले. सप्टेंबर १९६६ मधील एका सामन्याला भल्यामोठ्या मैदानात केवळ ४१३ प्रेक्षक होते. रिकाम्या जागा दाखवा, असे त्यांनी कॅमेरावाल्यांना सांगितले. त्या कोणी दाखवल्या नाहीत. तेव्हा बार्बर यांनी ते शब्दांत सांगितले. काही दिवसांतच त्यांची नोकरी गेली. १९७८ साली मात्र समालोचकांचा मोठा सन्मान त्यांना मिळाला.

मित्रांनो, तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते?

शब्दार्थ
धावते वर्णन – खेळ चालू असताना केलेले वर्णन
समालोचक – धावते वर्णन करणारा
हेतू – उद्देश, इरादा

प्रश्न
१. बार्बर वाळूचे घड्याळ जवळ का ठेवत?
२. नोकरी सोडण्याचा विचार त्यांनी का बदलला?
३. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या सामन्याचे पाच वाक्यांत वर्णन करा.