दुखत असेल तर सांगा

गुडघे दुखतात, अ‍ॅसिडिटी होते, झोप लागत नाही, हे सगळं सांगून झाल्यावर उठता उठता, आवाज खाली करून बायका म्हणतात, "आणि डॉक्टर, मिस्टर जवळ आले की खाली फार आग होते." खरी तक्रार पुष्कळदा तीच असते.

मैत्रिणींनो, ही तक्रार तुमच्या एकटीची नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीत १८ ते ५९ वयाच्या ४३ टक्के स्त्रियांनी शरीरसंबंधात काही ना काही अडचण असल्याचं सांगितलं. २००८च्या पाहणीत तिथल्याच तीस हजारांहून अधिक स्त्रियांना विचारलं, तेव्हाही आकडा जवळपास तोच आला. मात्र या वेळी त्यांना याचा मनस्ताप होतो का, हेही विचारलं होतं. अडचण आहे आणि मनस्तापही आहे, अशा १२ टक्के निघाल्या. ४५ ते ६४ या वयात त्यांचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. मला हा दुसरा आकडा मोलाचा वाटतो. इच्छा कमी झाली आणि तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल, तर तो आजार नव्हे. नवरा कुरकुरतो म्हणून औषध घ्यायचं कारण नाही. पण आठांतल्या एकीला हे सलत असेल, तर तिचं कुणीतरी ऐकायला हवं.

पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं. योनीची त्वचा पातळ, कोरडी होते, घासली की सोलवटल्यासारखी आग होते. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही असाच कोरडेपणा येतो, त्यात टाक्यांची जागा दुखत असते. गर्भपिशवीबरोबर बीजांडकोशही काढले असतील, तर हे सगळं एकदम अंगावर येतं. एकदा दुखलं की पुढच्या वेळी मन आधीच धास्तावतं, ओटीपोटाखालचे स्नायू आवळले जातात आणि आणखी दुखतं. मग इच्छा कुठून होणार? "तुला माझ्याबद्दल काही वाटतच नाही," असं ऐकून घेणाऱ्या कितीतरी जणींचं मूळ दुखणं हे असतं.

मधुमेह, थायरॉइड, नैराश्य यांनीही फरक पडतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी इच्छा आणि तृप्ती दोन्ही कमी होतात. तरी गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टर ती बदलून देऊ शकतात. आणि पातळ भिंतीपलीकडे सासू-सासरे, दिवसभराचा शीण, "नको" म्हणायची मुभा नाही, अशा घरात गोळी काय करणार? तिथे नवऱ्याशी बोलावं लागतं, आणि शक्यतो त्यालाही सोबत आणा. जबरदस्ती होत असेल, तर तेही डॉक्टरांना एकांतात सांगा.

कोरडेपणासाठी औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारित जेल मिळतं. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, रबर कमकुवत होतं. जेलने भागलं नाही, तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम बहुतेकींना चांगलं लागू पडतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर तसं आधी सांगा. स्नायू आवळत असतील, तर फिजिओथेरपिस्ट ते सैल सोडायला शिकवतात. दवाखान्यात शब्द सुचले नाहीत, तर "संबंधाच्या वेळी दुखतं" एवढं चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवलंत तरी पुरे.

संबंधानंतर रक्त गेलं, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी डाग दिसला, तर मात्र वाट पाहू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.