रेघ ओढली कोणी?

प्रश्न : आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘पट्टकी स्नायू’ आहेत. डोंगरी बुजुर्गच्या रस्त्याला मला एक दगड दिसला, त्याची एक बाजू चकचकीत आणि तिच्यावर आखल्यासारख्या समांतर रेघा. परवा गावात ट्रॅक्टरचा शाफ्ट मोडला, तर त्याच्या तुटलेल्या तोंडावरही रेघाच! या सगळ्यांमागे एकच कारण आहे का?
– एक विद्यार्थिनी, तुमसर

उत्तर : नाही. दगडावरच्या रेघा घासण्यातून येतात, स्नायूतल्या रचनेतून, आणि शाफ्टवरच्या टप्प्याटप्प्याने वाढलेल्या भेगेतून. म्हणून रेघ दिसली की ती ‘किती सरळ आहे’ यापेक्षा ‘कोणत्या दिशेला आहे’ हे आधी पाहावं. एकेक प्रकरण घेऊ.

तुमचा दगड ज्या भागातला आहे, तिथे डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मँगनीजच्या खाणी आहेत. हे खडक सौसर गटातले. जमिनीच्या पोटात तापून, दाबले जाऊन त्यांना घड्या पडल्या आणि जागोजागी ते तुटलेही. खडक तुटून त्याचे दोन भाग एकमेकांवरून सरकले की मधला पृष्ठभाग घासून गुळगुळीत होतो आणि सरकण्याच्या दिशेने त्यावर चरे उमटतात. अशा पृष्ठभागावर चऱ्यांच्या दिशेने हात फिरवून पाहा. एकीकडे जाताना तो अलगद सरकतो, उलट येताना बारीक पायऱ्या बोटांना अडतात. सर्वसाधारणपणे ज्या दिशेने हात अलगद गेला, त्याच दिशेने समोरचा (आता तिथे नसलेला) खडक सरकलेला असतो.

मात्र खाणीच्या परिसरात एक खबरदारी घ्या. चरा बोटभर किंवा त्याहून रुंद, अर्धगोल आणि अगदी सरळ असेल, तर तो सुरुंगासाठी पाडलेल्या छिद्राचा उरलेला अर्धा भाग असू शकतो. ते काम यंत्राचं, भूकंपाचं नव्हे.

घासण्याचं याहून मोठं उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा आणि पैनगंगेच्या संगमाजवळ इरई नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडीच्या खडकावर लांबच लांब समांतर चरे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी 1875 मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली. हे चरे ओढले बर्फाने! सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाकडे होता. नुसता बर्फ खडकाला ओरखडू शकत नाही, तो तेवढा कठीण नसतो. पण हिमनदीच्या तळाशी दगडगोटे रुतलेले असतात, आणि वर बर्फाचं प्रचंड वजन. ती हळूहळू पुढे सरकताना लोखंडावर कानस चालावी तसं होतं. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या मुलखात हिमनदी होती, हे या रेघांनी आणि त्यांच्यासोबतच्या गोट्यांच्या थरांनी सांगितलं.

हीच सरकण्याची खूण काळ्या मातीतही सापडते. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फुगताना खालची ढेकळं एकमेकांवर घासतात आणि त्यांच्या बाजू चकचकीत, बारीक चऱ्यांच्या होतात. काळ्या रानात विहीर खणताना किंवा खोल चर काढताना अशी ढेकळं निघतात. काळी माती ओळखण्याची ती शास्त्रीय खूणच आहे.

आता स्नायू. इथे कोणी कोणाला ओरखडलेलं नाही. मटण शिजल्यावर जे धागे सुटतात, ते म्हणजे पट्टे नव्हेत. ते स्नायुतंतूंचे जुडगे. पट्टे त्या तंतूंना आडवे असतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. एका आड एक गडद आणि फिकट पट्टा. हा क्रम साधारण दोन-सव्वादोन मायक्रोमीटरला पुन्हा येतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साडेचारशे-पाचशे वेळा. गडद पट्ट्यात मायोसिन या प्रथिनाच्या जाड तारा असतात, फिकट पट्ट्यात ॲक्टिनच्या बारीक.

स्नायू आकसतो तेव्हा गडद पट्ट्याची रुंदी तेवढीच राहते आणि फिकट पट्टा अरुंद होतो, हे 1954 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. एका गटात अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के होते, दुसऱ्यात ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. त्यावरून कळलं की तारा स्वतः आखूड होत नाहीत, त्या एकमेकींत सरकतात. हातापायांचे स्नायू पट्टकी, हृदयाच्या स्नायूतही पट्टे, पण जठराच्या भिंतीतले स्नायू अपट्टकी. तिथेही याच दोन प्रथिनांच्या तारा आहेत, फक्त त्या अशा ओळीने लावलेल्या नाहीत. पट्टे दिसतात ते या शिस्तीमुळे.

रचनेतून आलेल्या रेघा तुमच्या जिल्ह्याच्या दोन प्रसिद्ध वस्तूंतही आहेत. मोहाडी-आंधळगावकडे विणल्या जाणाऱ्या टसरचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर लांबीच्या दिशेने रेघा दिसतात, कारण तो अनेक सूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो. दुसरी वस्तू भंडाऱ्याची पितळी भांडी. ठोकून ठोकून पितळ कडक होतं, मग ते तापवून मऊ करतात. तापवताना धातूत नवे स्फटिककण तयार होतात आणि त्यांतल्या काहींत समांतर कडांचे पट्टे उमटतात. पट्ट्यातल्या अणूंची मांडणी शेजारच्या मांडणीचं आरशातलं प्रतिबिंब असते. तुकडा घासून, आम्लाने किंचित खाऊ देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ते दिसतात.

राहिला शाफ्ट. मेकॅनिक म्हणाला असेल, ‘एकाएकी मोडला.’ तसं बहुधा नसतं. खोबणीच्या कोपऱ्यात किंवा गंजाच्या खड्ड्यात बारीक भेग सुरू होते आणि प्रत्येक हिसक्यासरशी जराशी वाढते. डोळ्यांना दिसणाऱ्या वक्र रेघा म्हणजे भार बदलल्याच्या किंवा यंत्र थांबून पुन्हा चालू झाल्याच्या खुणा. त्यांच्या दरम्यान इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिलं तर आणखी बारीक रेघा दिसतात, अनेकदा भाराच्या एका आवर्तनाला एक. मागे मोजत गेलं तर भेग किती आवर्तनं वाढत होती याचा अंदाज बांधता येतो. या रेघा भेग वाढण्याच्या दिशेला आडव्या असतात, खडकावरच्या चऱ्यांच्या नेमक्या उलट. वक्र रेघा ज्या बिंदूभोवती गोळा होतात, तिथून भेग सुरू झाली. आणि जो भाग खरबरीत, दाणेदार दिसतो, तेवढाच खरोखर एकाएकी तुटला. तो भाग लहान असेल तर शाफ्टवरचा भार फार नव्हता, भेग मात्र जुनी होती.

तेव्हा शाफ्टचे तुकडे भंगारात जाण्याआधी त्यांची तोंडं नीट पाहून घ्या, पण ती एकमेकांवर जुळवून घासू नका. खुणा पुसतात. आणि रेघांचा दगड पक्क्या खडकाचा भाग असेल तर तोडून घरी आणू नका. जागेवरच होकायंत्र ठेवून रेघांची दिशा वहीत लिहा, फोटो काढा. सुटा पडलेला असेल तर खुशाल उचला, मात्र तो मूळ कुठे आणि कसा होता हे माहीत नसल्याने ‘सरकला’ एवढंच तो सांगेल, ‘कुठे’ ते नाही.