वाचकांचे प्रश्न : खेळाडू जायबंदी, मग कोटींचं काय?

प्रश्न : जितेश शर्माला बंगळुरूनं ११ कोटींना घेतल्यापासून आम्ही अमरावतीकर आयपीएलच्या आकड्यांवरही लक्ष ठेवतो. एवढा महागडा खेळाडू हंगामाच्या मध्यात जायबंदी झाला, तर त्याचे पैसे कापतात का? पुढच्या वर्षी संघ त्याला ठेवतो का? माझा भाचा अकोल्यात जलदगती गोलंदाजी करतो, म्हणूनही विचारतो आहे.
— एक वाचक, अमरावती

उत्तर : चालू हंगामाचे पैसे करारावर ठरतात, पुढच्या हंगामातली जागा फ्रँचायझीच्या हिशेबावर. म्हणून दोन्ही प्रश्न वेगवेगळे पाहू.

आधी पैसे. हंगाम सुरू झाल्यावर, संघाकडून खेळताना दुखापत झाली तर ठरलेली रक्कम मिळते. हंगामाआधीच जायबंदी होऊन खेळाडू संघात दाखलच झाला नाही, तर फ्रँचायझी सहसा पैसे देत नाही. मात्र केंद्रीय करारातला खेळाडू भारताकडून खेळताना जायबंदी झाला असेल, तर बीसीसीआयच्या विमा योजनेतून भरपाईची सोय आहे.

आता जागा. ऋतुराज गायकवाडला चेन्नईनं १८ कोटींना कायम ठेवलं होतं. ३० मार्च २०२५ रोजी गुवाहाटीत तुषार देशपांडेचा चेंडू त्याच्या कोपरावर बसला. त्यानंतर तो दोन सामने खेळला, पण हाडाला तडा गेल्याचं कळलं आणि हंगाम संपला. नेतृत्व धोनीकडे गेलं, बदली म्हणून विरारचा आयुष म्हात्रे ३० लाखांत आला. बदली खेळाडूला मूळ खेळाडूपेक्षा जास्त रक्कम देता येत नाही, आणि त्या हंगामापुरती ती संघाच्या खर्चमर्यादेत धरली जात नाही.

खेळाडूला सोडलं की त्याची रक्कम पुढच्या लिलावासाठी संघाकडे मोकळी होते. त्यामुळे महागडा खेळाडू जायबंदी झाला की त्याला सोडण्याचा मोह मोठा असतो. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईनं ऋतुराजला कर्णधार म्हणून ठेवलं. उलट १८ कोटींचाच रवींद्र जडेजा संजू सॅमसनच्या बदल्यात राजस्थानला गेला. म्हणजे नुसती दुखापत निकाल लावत नाही. खेळाडू पुढे किती उपयोगी पडेल आणि त्याच पैशांत दुसरा कोण मिळेल, हे पाहिलं जातं.

श्रेयस अय्यरनं दोन्ही अनुभव घेतले. मार्च २०२१ मध्ये पुण्यात त्याचा खांदा दुखावला, दिल्लीचं कर्णधारपद ऋषभ पंतकडे गेलं ते परत आलं नाही, आणि २०२२ ला तो कोलकात्याकडे गेला. २०२३ चा अख्खा हंगाम पाठीच्या दुखण्यात गेला, पण कोलकात्यानं त्याला ठेवलं आणि २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली विजेतेपद मिळवलं.

भाच्यासाठी : करार छोटा असला, तरी सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. उपचाराचा खर्च कोण करणार, खेळता न आलेल्या काळाचे पैसे मिळणार का, आणि दुखापत किती दिवसांत कळवायची. घरच्या अपघात विम्यात व्यावसायिक खेळ वगळलेला आहे का, तेही तपासा. दुखापत झालीच, तर त्याच दिवशी व्यवस्थापनाला लेखी कळवून पोच घ्या आणि तपासणीचे सगळे अहवाल सांभाळून ठेवा. भरपाईचा वाद झाला, तर हेच कागद कामी येतात.