मुद्दाम नाही गं करत तो

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं, पाचवीतल्या त्या पठ्ठ्याने पुन्हा तुझा तास खाल्ला. आधी चहा घे, मग ऐक.

खरं सांगू का, माझ्या पहिल्याच वर्षी वर्गात असा एक होता. शिक्षा म्हणून मी त्याची मधली सुट्टी बंद केली. झालं! पुढच्या दोन तासांत त्याने बाकही वाजवला आणि माझे बाराही. मैदानात जिरली असती ती चुळबुळ मीच वर्गात कोंडली होती. तेव्हा सुट्टीला हात लावायचा नाही, कळलं?

दुसरं बघ. "वही काढा, तारीख घाला, समास आखा, पान 42 उघडा," असं आपण एका दमात सांगतो. एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष टिकवणं किंवा चुळबुळ आवरणं अवघड जाणाऱ्या मुलाला इतकं सगळं एकदम लक्षात ठेवणं जड जातं. तो वही काढून नुसता बसतो आणि आपल्याला वाटतं, उद्धट आहे. सासूबाई पाच जिन्नस सांगायच्या आणि मी फक्त कोथिंबीर घेऊन यायचे, तसंच गं ते! एका वेळी एकच सांग, बाकीचं फळ्यावर लिही. दहा गणितांऐवजी आधी तीन दे, तपास, मग पुढची तीन.

त्याला पुढे बसव, दार-खिडकीपासून लांब. उठावंसं वाटतंच ना त्याला? मग वह्या गोळा करायला त्यालाच उठव. आणि शाबासकी तिथल्या तिथे दे, नेमकी: "आज हात वर करून थांबलास, छान." आठवड्याने दिलेली त्याच्या कामाची नाही.

आणि हो, खिडकीबाहेर हरवलेली, रोज कंपासपेटी विसरणारी शांत मुलगीही यातलीच असू शकते. तिचा कुणाला त्रास नाही, म्हणून ती राहूनच जाते. पण शिक्का मारणं आपलं काम नव्हे. लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून आहेत का, घरी आणि शाळेतही दिसतात का, निदान 6 महिने टिकली का, हे डॉक्टर बघतील. तू दिसलं ते तारखेनिशी टिपून ठेव. तुझ्या त्या पठ्ठ्याच्या आईशी बोलताना मात्र पहिलं वाक्य कौतुकाचं असू दे. शाळेचा नंबर दिसला तरी धसकत असेल बिचारी.

45 मुलांत हे कसं जमायचं, म्हणशील. सगळं नकोच. उद्या फक्त फळ्यावर सूचना लिही, उरलेल्या 44 जणांचंही भलं होईल. शनिवारी पोहे खायला ये आणि काय झालं ते सांग. येताना कोथिंबीर आण, मी विसरेन.