बारकोड स्कॅनरने आला की हाताने टाइप केला?

चेंबूरच्या दुकानांत बिल होताना मुलं 'बीप' ऐकतात. स्कॅनर कॉम्प्युटरला काय पाठवतो? चित्र नाही, नुसते आकडे. यूएसबीचा साधा स्कॅनर कॉम्प्युटरला बहुधा कीबोर्डच वाटतो. नोटपॅड उघडून साबणाचा बारकोड स्कॅन करा, आकडे आपोआप उमटतील.

मग फरक कसा ओळखायचा?

१. वेग: मिनिटाला ४० शब्द टाइप करणाऱ्याच्या दोन अक्षरांत साधारण ३०० मिलिसेकंद जातात. स्कॅनरचे आकडे त्याच्या कितीतरी पट वेगाने येतात.

२. शेवट: बहुतेक स्कॅनर शेवटी एंटर देतात. पण एंटर माणूसही दाबतो, म्हणून वेगासोबतच पाहावं.

३. खूण: माहितीपुस्तिकेतला सेटिंगचा बारकोड स्कॅन केला की बऱ्याच स्कॅनरमध्ये प्रत्येक नंबराआधी ठरावीक चिन्ह येतं. हीच खूण जास्त भरवशाची.

हे कशाला हवं? शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकाचा दाखल क्रमांक टाइप करताना एक आकडा चुकला, तर मुलाच्या नावावर भलतंच पुस्तक चढतं आणि हरवल्याचा ठपकाही त्याच्यावरच येतो. म्हणून हाताने टाकलेला नंबर पुन्हा वाचून घ्यावा.

कृती: एकाच पाकिटावरचा १३ आकडी नंबर एका मुलाने टाइप करावा, दुसऱ्याने स्कॅन करावा. घड्याळ लावा, फरक मुलंच सांगतील.