दुर्योधनाचं ताट आणि 31 डिसेंबरचं गाला डिनर



आजचं वाचन : महाभारत, उद्योगपर्व, भगवद्यान उपपर्व. श्रीकृष्ण दुर्योधनाकडचं जेवण नाकारतो आणि विदुराकडे जेवतो, तो भाग.

मंडळी, हा भाग आज मुद्दाम घेतला. आमच्या शनिवारच्या हरिपाठाच्या ग्रुपमध्ये डिसेंबर लागला की एक विषय हमखास निघतो. कोणीतरी गोव्याला चाललेलं असतं, हॉटेलने 31 तारखेचं गाला डिनर पुढे केलेलं असतं, माणशी आठ-दहा हजार. मग प्रश्न येतो की एका जेवणाला इतके पैसे घालावेत का? आणि आपण नाम घेणारी माणसं, आपल्याला हे शोभतं का? लगेच कोणीतरी विदुराच्या कण्यांचा दाखला देतं. देवाला साधंच आवडतं, विषय संपला!

मला वाटतं विषय तिथे सुरू होतो. म्हणून आधी मूळ कथा नीट बघू.

कृष्ण पांडवांचा दूत म्हणून हस्तिनापूरला निघाला. दुर्योधनाने वाटेत ठिकठिकाणी त्याच्यासाठी सुंदर मंडप उभारले, रत्नं लावली, आसनं, वस्त्रं, सुगंध, खाणंपिणं, सगळी व्यवस्था. आजच्या भाषेत फुल्ल हॉस्पिटॅलिटी. कृष्णाने तिकडे वळूनही पाहिलं नाही. हस्तिनापुरात आल्यावर तो आधी धृतराष्ट्राला भेटला, मग विदुराकडे राहणाऱ्या कुंतीआत्याला, आणि नंतर दुर्योधनाच्या महाली गेला. तिथे आदरसत्कार झाला, जेवणाचं आमंत्रण झालं, आणि कृष्णाने नको म्हटलं.

दुर्योधन विचारतो, का? कृष्णाचं पहिलं उत्तर अगदी व्यवहाराचं आहे. दूत आपलं काम झाल्यावर जेवतो, सत्कारही मग घेतो. दुर्योधन ते मानत नाही. काम होवो न होवो, आम्ही प्रेमाने बोलावतोय, असं त्याचं म्हणणं. तेव्हा कृष्ण खरं कारण सांगतो. माणूस दुसऱ्याचं अन्न दोनच कारणांनी खातो, एक तर प्रेम असतं म्हणून, नाहीतर अडचणीत सापडलेला असतो म्हणून. राजा, तुझं माझ्यावर प्रेम नाही आणि मी काही अडचणीत नाही.

किती सरळ. आणि यात जेवण महाग आहे याचा उल्लेखसुद्धा नाही!

आता विदुराकडचं ताट. आपल्या मनात कण्या पक्क्या बसल्यात, कारण संतांनी त्या आपल्यापर्यंत आणल्या. उत्तरेकडे कोणी केळीच्या सालींची गोष्ट सांगतात. त्या कथांचा गोडवा वेगळाच आहे, त्याला माझा हात नाही लागायचा. पण महाभारतात पाहिलंत तर विदुराने कृष्णाला शुद्ध, उत्तम आणि भरपूर अन्न दिलं असं आहे. अनेक प्रकारचं. कृष्णाने आधी ब्राह्मणांना तृप्त केलं, मग बरोबरच्या मंडळींसोबत स्वतः जेवला. म्हणजे एका बाजूला राजवाडा आणि दुसऱ्या बाजूला रिकामी चूल, असा सामना मूळ कथेत नाहीच. दोन्हीकडे चांगलं जेवण होतं. एकीकडे प्रेम होतं, दुसरीकडे हिशोब होता.

गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार येतात, ते बहुतेकांना माहीत असतात. तिथेही चव, ताजेपणा, शरीरावर होणारा परिणाम यांचा विचार आहे, किमतीचा नाही. पन्नास रुपयांचा शिळा वडापाव सात्त्विक होत नाही आणि दोन हजारांची थाळी केवळ दोन हजारांची म्हणून राजस होत नाही.

हे एकदा कळलं की "महाग आहे म्हणून पाप" हा सोपा रस्ता बंद होतो. पण "देवाने महाग जेवणाला कुठे नाही म्हटलंय" हाही रस्ता बंद होतो, कारण आता जास्त अवघड प्रश्न विचारावे लागतात. मी हे जेवण भुकेपोटी घेतेय का? प्रेमापोटी घेतेय का? की तिसरंच काही आहे, ज्याला कृष्णाने यादीत जागाच दिली नाही?

भुकेचा प्रश्न पटकन संपतो. रात्री अकराला घाटात अडकलात, लहान मूल रडतंय, आणि एकच हॉटेल उघडं आहे, तर जे मागतील ते द्या आणि खा. तिथे तत्त्वज्ञान नको. सुट्टीतल्या गाला डिनरला मात्र भूक हे कारण लागू होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

प्रेमाचा प्रश्न वेळ घेतो. आमचंच सांगते. गेल्या वर्षअखेरीला आम्ही चौघं गोव्यात होतो: मी, नवरा, सासूबाई आणि माझी आई. दोघी आयांचा पहिलाच विमानप्रवास. आमच्या हॉटेलात गाला डिनर ऐच्छिक होतं (काही ठिकाणी 24 आणि 31 ला मुक्कामाबरोबर सक्तीचंच असतं, बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या). माणशी 9,500, वर कर. चौघांचे 38,000, त्यावर 18 टक्के म्हणजे 6,840, एकूण 44,840 रुपये. नवऱ्याचं म्हणणं होतं, "अगं, दोघींना घेऊन परत कधी येणार आपण? वर्षातून एकदा." त्याच्या बोलण्यात प्रेम होतं, दिखावा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

सासूबाईंनी सोलापुरात 22 वर्षं खानावळ चालवली. सकाळी पाचला ज्वारीच्या भाकरी थापायला बसायच्या, दुपारी डबे, रात्री पुन्हा पंगत. सासरे लवकर गेले, त्या चुलीवर दोन मुलं शिकली. माझा नवरा त्यातलाच एक. तर मी त्यांना सहज विचारलं, "आई, तुम्हाला मोठ्या हॉटेलात जेवावंसं वाटतं का हो?" त्या म्हणाल्या, "जेवण काय गं, कुठलंही चालतं. पण एकदा मी बसावं आणि कोणीतरी गरम गरम आणून वाढावं. मला उठावं लागू नये."

आता हे ऐकल्यावर गाला डिनरच्या माहितीपत्रकाकडे बघा. नऊला बुफे सुरू. हातात प्लेट घेऊन रांग. डीजे. अमर्याद मद्य, ज्यातला एक थेंबही आम्ही चौघं घेणार नव्हतो, पण किंमत त्याचीही धरलेली. बाराला फटाके. दोघी आया साडेसातला जेवून दहाला झोपणाऱ्या, माझ्या आईला साखरेच्या गोळ्या वेळेवर लागतात. म्हणजे 44,840 रुपये देऊन सासूबाईंनी काय करायचं होतं? उभं राहायचं आणि स्वतःच्या हाताने वाढून घ्यायचं! जे आयुष्यभर केलं तेच.

प्रेमापोटी खर्च करायचा ठरवलं तरी काम अर्धंच होतं बघा. ज्याच्यावर प्रेम आहे त्याला काय हवंय हे विचारायचं राहून जातं, आणि आपण "अनुभव" म्हणून जे छापलेलं असतं ते विकत घेतो. विदुराच्या आधीच्याच प्रसंगात हे येतं. धृतराष्ट्र कृष्णाला सोन्याचे रथ, हत्ती, दासदासी देण्याचे बेत करत असतो. विदुर त्याला स्पष्ट सांगतो, त्याला यातलं काही नको. पाण्याने भरलेला कलश, पाय धुणं आणि कुशल विचारणं, एवढंच तो घेईल. विदुराला हे माहीत होतं, कारण त्याने पाहुण्याकडे पाहिलं होतं. धृतराष्ट्र (शब्दाचा खेळ करायचा नाहीये मला, पण) स्वतःच्या खजिन्याकडे बघत होता.

मग ते तिसरं कारण. प्रतिष्ठा. टेबलाचा फोटो, स्टेटस, "आम्ही तिथे होतो". याबद्दल मी फार बोलणार नाही, प्रत्येकाला आपापलं कळतं. एक साधी चाचणी करून बघा: फोन खोलीत ठेवून जायचं असेल तर ते डिनर अजूनही घ्याल का?

एक गोष्ट मात्र जरा थांबून सांगावीशी वाटते, कारण दुर्योधनाचं ताट आजच्या काळात मला सगळ्यात स्पष्ट तिथे दिसतं. मॉलमध्ये कूपन भरायला लावतात आणि आठवड्याने फोन येतो: "अभिनंदन, तुम्हा दोघांना फ्री डिनर आणि हॉलिडे व्हाउचर!" जोडीनेच यायचं ही अट. तिथे गेलात की दीड-दोन तास सदस्यत्वाचं सादरीकरण, शेजारच्या टेबलावर टाळ्या, आणि "सर, ही ऑफर फक्त आज". ग्रुपमधल्या एका जोडप्याने अशा फुकटच्या पनीर बटर मसाल्यावर दीड लाखांच्या कागदांवर सही केली होती. ते जेवण एक रुपयाचंही नव्हतं. पण ज्याच्या ताटात आपण जेवतो त्याला नंतर नाही म्हणणं जड जातं, हे वाढणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. कृष्णाने दूताचं काम होईपर्यंत न जेवण्याचं जे पहिलं कारण दिलं, त्याचं शहाणपण मला तिथे कळतं. मोकळं राहायचं होतं त्याला, दुसऱ्या दिवशी सभेत खरं बोलायला.

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणेल, त्या पैशात शंभर जणांचं अन्नदान झालं असतं. खरंय. पण हे वाक्य बोलणाऱ्याने ते पैसे त्याच महिन्यात अन्नदानाला दिले पाहिजेत. आपल्याकडे बहुतेक वेळा काय होतं, डिनरही रद्द, अन्नदानही नाही, आणि पैसे पुढच्या सेलमध्ये गेलेले असतात. ज्यांना खरंच द्यायचंय ते आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यातून सुट्टीचा विचार करतात. आणि क्रेडिट कार्डच्या हप्त्यांवर गाला डिनर? तिथे माझं मत सरळ आहे, नको. मार्चपर्यंत फेडत राहायचं जेवण आईलासुद्धा गोड लागत नाही.

थोडा व्यवहारही सांगते, भक्ताने बावळट असायचं कारण नाही. छापलेल्या किमतीत कर धरलाय का ते बघा. खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असणाऱ्या हॉटेलात जेवणावर साधारण 18 टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात 5. बिलात आपोआप लावलेला सर्व्हिस चार्ज देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या सूचना तशाच आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. नम्रपणे सांगितलं तर काढतात. शाकाहारी लोकांसाठी वेगळे काउंटर आहेत का, मद्य न घेणाऱ्यांना दर कमी आहे का, रद्द केलं तर किती परत मिळतात, हे लेखी विचारा.

आणि गोव्याचा म्हणून सण बघायचाच असेल तर तो बऱ्याचदा घराघरांत असतो. नाताळला ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या, दोदोल, बेबिंका अशा गोड पदार्थांची ताटं शेजारी जातात, हिंदू शेजाऱ्यांकडेही, आणि चवथीला उलट्या दिशेने ताटं येतात. त्याचं तिकीट निघत नाही.

आम्ही शेवटी असं केलं. गाला डिनर घेतलं नाही. 29 तारखेला दुपारी एका चांगल्या हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये टेबल घेतलं, जिथे बसून वाढतात. आधी फोन करून सारस्वत शाकाहारी जेवण मिळेल का विचारलं. खतखतें होतं, तिरफळाच्या वासाचं, मूगागाठी, भात, सोलकढी. माणशी 2,400, चौघांचे करासकट 11,328. स्वस्त नाही! आमच्या महिन्याच्या किराण्याएवढं आहे. तरी तो खर्च मला एकदाही खुपला नाही.

सासूबाई पहिली दहा मिनिटं खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. वाढणारा मुलगा आला की त्यांचा हात आपोआप पातेल्याकडे जायचा. माझी आई हळूच म्हणाली, "विहीणबाई, बसा हो टेकून." मग टेकल्या. दुसऱ्या वेळी भात आला तेव्हा त्यांनी त्या मुलाला विचारलं, "बाळा, तू जेवलास का?" तो हसला, म्हणाला, "चार वाजता सुटल्यावर, आजी." त्यावर त्या म्हणाल्या, "आमचंही तसंच असायचं. सगळे उठल्यावर." आणि सोलकढी आणखी एक वाटी मागितली. मागितली! बावीस वर्षांत मी नाही, पण माझ्या नवऱ्याने त्यांना जेवताना काही मागताना कधी पाहिलं नव्हतं. तो उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

31 ला दोघी दहाला झोपल्या. बाराला फटाक्यांनी जाग आली तेव्हा बाल्कनीत शाली घेऊन उभ्या राहिल्या आणि फुकटात आतषबाजी बघून परत झोपल्या.

उद्याचं वाचन : त्याच रात्री, जेवणं आटोपल्यावर, विदुर कृष्णाला सांगतो की तुमचं इथे येणं मला पटलेलं नाही. तिथून पुढे वाचू.

राम कृष्ण हरी.