घटक ७ : दूरचित्रवाणी मालिकांतील स्वमग्न पात्र : भाषा आणि संवादातील स्थान

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला,
• 'स्वमग्नता' या संज्ञेमागील रूपक आणि त्याचा मालिकांच्या कथानकावर होणारा परिणाम सांगता येईल.
• स्वमग्न व्यक्तींच्या बोलण्याची काही भाषिक वैशिष्ट्ये स्पष्ट करता येतील.
• मालिकेतील पात्र संवादात सहभागी आहे की केवळ संवादाचा विषय आहे, हे सर्वनामे व बोलण्याच्या पाळ्या यांच्या आधारे तपासता येईल.
• दैनंदिन मालिका या प्रकाराच्या मर्यादा आणि सामर्थ्य यांची चर्चा करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मालिकेच्या संवादलेखनाची सर्वसाधारण वैशिष्ट्ये पाहिली. मालिका ही मुख्यतः बोलण्यावर चालते. घटना थोड्या घडतात. त्या घटनांविषयी घरातील माणसे बराच वेळ बोलत राहतात. अशा या बोलक्या कलाप्रकारात जे पात्र इतरांसारखे बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, किंवा ऐकलेलेच शब्द पुन्हा उच्चारते, त्याचे काय होते? प्रस्तुत घटकात आपण हा प्रश्न स्वमग्न म्हणजेच ऑटिझम असलेल्या पात्रांच्या संदर्भात विचारणार आहोत.

हा प्रश्न केवळ कलेचा नाही. ज्या घरात मालिका पाहिली जाते त्याच घरात एखादे स्वमग्न मूलही असू शकते. 'त्याला कुठं काय कळतंय' हे वाक्य पडद्यावर उच्चारले जाते, तेव्हा ते त्याच्याही कानावर पडते. तुमच्यापैकी काही जण पालक असतील, काही शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतील. त्यांनी हा घटक वाचताना स्वतःचा अनुभव बाजूला ठेवण्याचे कारण नाही.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ संज्ञेतील रूपक

'ऑटिझम' ही संज्ञा 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडवली. त्यांनी ती छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी वापरली होती. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि ही संज्ञा आजच्या अर्थाकडे वळली. मराठीत तिला 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द रूढ झाला.

आता 'मग्न' हा शब्द मराठीत कोठे येतो ते आठवा. माणूस कामात मग्न असतो, वाचनात मग्न असतो, ध्यानमग्न असतो. या सर्व ठिकाणी मग्न होणारा स्वतःहून मग्न होतो आणि कोणी हाक मारली की भानावर येतो. स्वमग्नता मात्र मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपण आहे. तिच्यातून हाकेने 'बाहेर येणे' संभवत नाही. तरीही शब्दातील रूपक आपले काम करीत राहते. आईने टाहो फोडावा, देवघरातील घंटा वाजावी आणि आजवर न बोललेल्या मुलाने 'आई' म्हणावे, असा प्रसंग प्रेक्षकाला पटतो, कारण तो प्रसंग याच रूपकावर उभा असतो. आत बसलेल्या माणसाला कोणीतरी प्रेमाने बोलावले आणि तो आला, असा त्याचा अर्थ होतो. ज्या घरातील मूल बोलत नाही त्या घराला मग त्याच प्रसंगाचा दुसरा अर्थही ऐकू येतो : तुमचे प्रेम कमी पडले.

या दुसऱ्या अर्थाला इतिहास आहे. मुलाची स्वमग्नता आईच्या थंडपणामुळे निर्माण होते, हे मत पाश्चात्त्य मनोविकारशास्त्रात काही दशके प्रचलित होते. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे ते अधिक पसरले. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड यांनी मूळ कारण जैविक असल्याचे मांडले होते. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला. शास्त्राने टाकून दिलेला हा दोषारोप मालिकेला मात्र सोयीचा असतो, कारण आईचा अपराधभाव हे कौटुंबिक मालिकेचे जुने भांडवल आहे.

७.२.२ वेगळे बोलणे, निरर्थक नव्हे

कॅनर यांच्या मूळ निबंधातील एक निरीक्षण भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे. एका मुलाला वडिलांनी सांगितले होते की, तू 'हो' म्हणालास तर तुला खांद्यावर घेईन. त्या मुलाच्या लेखी पुढे बराच काळ 'हो' या शब्दाचा अर्थ 'मला खांद्यावर घ्या' असाच राहिला. शब्द चुकला नव्हता. तो ज्या प्रसंगात भेटला त्या प्रसंगाला घट्ट चिकटून राहिला होता.

अनेक स्वमग्न मुले ऐकलेले शब्द जसेच्या तसे उच्चारतात. याला एकोलेलिया म्हणतात. पूर्वी याकडे निव्वळ पोपटपंची म्हणून पाहिले जाई. १९८१ साली बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डकन यांनी दाखवले की, अशा पुनरुच्चारांतून मूल आपली पाळी घेते, होकार देते, मागणी करते. 'तू' आणि 'मी' यांची अदलाबदल हीसुद्धा कॅनर यांनी नोंदवली होती. आई 'तुला पाणी हवं?' असे विचारते, म्हणून तहानलेले मूलही 'तुला पाणी हवं' असे म्हणते. ते पूर्ण वाक्य उचलते आणि त्याबरोबर सर्वनामही येते.

२०१२ साली स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी या चर्चेला वेगळी दिशा दिली. दोन वेगळ्या धाटणीची माणसे समोरासमोर येतात तेव्हा गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. तो एकाच बाजूचा दोष मानणे योग्य नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. संवादलेखकाच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. दृश्यातील अडचण केवळ स्वमग्न पात्राच्या बोलण्यात न दाखवता समोरच्याच्या ऐकण्यातही दाखवावी लागते.

७.२.३ संवादाचा विषय की सहभागी?

पुढील दोन उतारे या घटकासाठी रचलेले आहेत. मल्हार हा सहा वर्षांचा मुलगा दोन्ही दृश्यांत उपस्थित आहे.

उतारा १
आजी : हा अजून बोलत नाही. ह्याचं पुढं व्हायचं कसं?
आत्या : आपल्या घराण्यात असं कुणीच नव्हतं. आईचं लक्ष नसलं की असंच होतं.
आई : (डोळे पुसत) चुकलं माझं. मीच कमी पडले.
बाबा : ह्याच्यासमोर नका बोलू.
आत्या : त्याला कुठं काय कळतंय!

उतारा २
आई : मल्हार, आजीकडे जायचं ना?
मल्हार : पुढील स्टेशन दादर.
आई : आज लोकलनं नाही, एसटीनं जायचंय.
मल्हार : पुढील स्टेशन दादर.
आई : (एसटीचे चित्र पुढे ठेवून) एसटी. लाल एसटी. (थांबते.)
मल्हार : (चित्राकडे न पाहता) लाल. खिडकी.
आई : हो, खिडकीची जागा तुझी.

पहिल्या उताऱ्यात मल्हारसाठी चार सर्वनामरूपे आली आहेत आणि ती सर्व तृतीय पुरुषी आहेत. त्याला उद्देशून एकही वाक्य नाही; त्याचे नावही कोणी घेत नाही. 'हा' आणि 'तो' यांतील भेदही पाहा. 'हा' म्हणजे जवळचा, समोर असलेला. आजी व बाबा 'हा' वापरतात. म्हणजे मूल समोर आहे हे भाषा मान्य करते, तरीही बोलणे त्याच्याशी नाही. शेवटी आत्या 'त्याला' म्हणते आणि समोर बसलेले मूल व्याकरणाने खोलीबाहेर जाते.

दुसऱ्या उताऱ्यात सात पाळ्यांपैकी तीन मल्हारच्या आहेत. त्याचे वाक्य लोकलमधील उद्घोषणेतून उचललेले आहे. आईला ठाऊक आहे की, आजीकडचा प्रवास त्याच्यासाठी याच वाक्यात साठवलेला आहे. ती वाक्य दुरुस्त करीत नाही, बेत समजावते. 'थांबते' ही रंगसूचनाही महत्त्वाची आहे. नेमक्या अशा विरामात मालिका सहसा करुण पार्श्वसंगीत भरते आणि एकेका नातलगाच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेते. परिणामी विराम मुलाचा राहत नाही, नातलगांचा होतो.

७.२.४ काही मालिका

हिंदीत 'आपकी अंतरा' ही झी टीव्हीवरील मालिका २००९ साली सुरू झाली. दैनंदिन मालिकेच्या केंद्रस्थानी स्वमग्न मुलगी असणे ही भारतीय दूरचित्रवाणीवर दुर्मीळ गोष्ट होती. अंतरा ही आदित्यच्या पूर्वीच्या संबंधातून जन्मलेली मुलगी. ती आदित्य आणि विद्या यांच्या घरी येते. ही रचना ध्यानात घ्या. प्रेक्षकाच्या ओळखीचा पेच वैवाहिक आहे, आणि त्याच्या आधाराने अनोळखी विषय घराघरांत पोहोचवला आहे. यात लाभ आहे. पण मुलीपेक्षा मोठ्यांच्या क्षमाशीलतेचीच कथा होण्याचा धोकाही आहे. शीर्षकातील सर्वनामही पाहण्यासारखे आहे. 'आपकी' हा शब्द प्रेक्षकाला उद्देशून आहे. मुलगी तुमची आहे, असे तो प्रेक्षकाला सांगतो. मुलीशी बोलण्याचे काम मात्र प्रत्येक भागाला वेगळे करावे लागते.

ब्रिटनमध्ये अलीकडे वेगळी वाट चोखाळली गेली. बीबीसीच्या 'होल्बी सिटी' या इस्पितळाच्या पार्श्वभूमीवरील मालिकेत २०१६ पासून जेसन हेन्स हे स्वमग्न पात्र आले. ते स्वतः स्वमग्न असलेल्या जूल्स रॉबर्टसन यांनी साकारले. चॅनेल ४ वरील 'हॉलिओक्स'मध्ये २०१८ साली ब्रुक हॅथवे ही स्वमग्न तरुणी आली आणि ती भूमिका स्वमग्न असलेल्या टालिया ग्रँट यांनी केली. येथे केवळ कलावंताची निवड बदलली नाही. जेसन इस्पितळात नोकरी करतो. ब्रुकच्या वाट्याला मैत्री, प्रेम आणि कोवळ्या वयातील मातृत्व येते, म्हणजे मालिकेतील इतर तरुण पात्रांना मिळते तसेच कथानक येते. आपल्याकडील स्वमग्न पात्र बहुधा बालक असते. स्वमग्न प्रौढाला 'अहो' म्हणणारे दृश्य तुम्ही कधी पाहिले आहे का, हे आठवून पाहा.

७.२.५ मालिकेचे सामर्थ्य

चित्रपटाला अडीच तासांत उत्कर्षबिंदू गाठावा लागतो. म्हणून 'रेन मॅन' (१९८८) सारख्या चित्रपटात आकड्यांची अलौकिक बुद्धी येते. प्रत्यक्षात अशी बुद्धी थोड्याच स्वमग्न व्यक्तींत आढळते. मालिकेला ही घाई नसते. तेच घर, तीच न्याहारी, तोच दिवाणखाना महिनोन्‌महिने दिसतो. ठरलेल्या क्रमाचा आधार, त्या क्रमात झालेल्या बदलाचा त्रास आणि इंचाइंचाने होणारी प्रगती दाखवायला याहून योग्य कलाप्रकार नाही.

परंतु मालिका हे सामर्थ्य अनेकदा स्वतःच गमावते. कथानक 'दहा वर्षांनंतर' अशी झेप घेते, तेव्हा शाळाप्रवेशासाठीची वणवण, वाचोपचार, अपंगत्वाचा दाखला हे सारे त्या झेपेखाली गडप होते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. तो हक्क मिळवण्याची धडपड हेच कित्येक भागांचे कथानक होऊ शकते. जो काळ कुटुंबाने प्रत्यक्ष जगलेला असतो, तोच पडद्यावरून वगळला जातो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. कॅनर यांचे निरीक्षण कोणत्या साली प्रसिद्ध झाले?
२. एकोलेलिया म्हणजे काय?
३. उतारा १ मध्ये मल्हारसाठी कोणत्या पुरुषाची सर्वनामे आली आहेत?

ब) चूक की बरोबर ते सकारण सांगा.
१. संवादातील गैरसमज हा केवळ स्वमग्न व्यक्तीचा दोष असतो, असे मिल्टन मानतात.
२. 'स्वमग्नता' या शब्दातील रूपक दिशाभूल करू शकते.

७.३ सारांश

स्वमग्न पात्राचे चित्रण सहानुभूतीने केले आहे की नाही, एवढेच पाहणे पुरेसे नाही. पहिल्या उताऱ्यातील आजीही प्रेमळ आहे. त्या पात्राशी कोणी बोलते का, त्याच्या उत्तराची वाट पाहिली जाते का आणि वेगळ्या भाषेत आलेले उत्तर उत्तर म्हणून स्वीकारले जाते का, हे तीन प्रश्न निर्णायक ठरतात. संज्ञेतील रूपक, आईवरचा जुना दोषारोप, चमत्काराचा प्रसंग आणि काळाची झेप यांमुळे पात्र विषय बनते. दीर्घ कालावधी, नित्यक्रम आणि विराम यांचा नीट उपयोग केल्यास तेच पात्र सहभागी होते.

७.४ सरावासाठी स्वाध्याय

१. 'मालिकेतील विराम कोणाचा असतो?' हे सोदाहरण स्पष्ट करा.
२. उतारा १ असा पुन्हा लिहा की, पात्रे तीच राहतील. परंतु किमान दोन जण मल्हारशी बोलतील आणि मल्हार एकदा तरी आपल्या पद्धतीने उत्तर देईल. त्याला चमत्काराने बोलके करू नका.
३. 'स्वमग्न व्यक्ती', 'स्वमग्नताग्रस्त' आणि 'स्वमग्नता असलेली व्यक्ती' या तीन प्रयोगांतील अर्थच्छटांची तुलना करा.

७.५ क्षेत्रीय कार्य

अपंगत्व असलेले कोणतेही पात्र असणाऱ्या मालिकेचे सलग तीन भाग पाहा. प्रत्येक दृश्यासाठी त्या पात्राच्या बोलण्याच्या पाळ्या, त्याला उद्देशून आलेली द्वितीय पुरुषी रूपे आणि त्याच्याविषयी आलेली तृतीय पुरुषी रूपे यांची नोंद तक्त्यात करा. घरातील कोणाला सोबत घेऊन मोजणी केल्यास अधिक चांगले. त्यानंतर एक दिवस आपल्या स्वतःच्या घरातील बोलण्याचीही अशीच नोंद ठेवा : घरातील सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाशी आपण किती बोलतो आणि त्याच्याविषयी किती बोलतो. ही दुसरी नोंद अभ्यासकेंद्रात सादर करण्याची आवश्यकता नाही.